तिकडच्या घरी फोन

“आधी तिकडच्या घरी फोन लावा,” असं म्हणून सिस्टर चष्मा कपाळावर चढवायच्या. चष्मा वर गेला की समजायचं, चौकशी सुरू झाली. मग समोर कोणीही असो, सगळं सांगितल्याशिवाय त्याची सुटका नसे.

नाशिकच्या ज्या रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन म्हणून अठरा वर्षं रक्त तपासतोय, तिथल्या नवजात बाळांच्या कक्षाच्या त्या इन्चार्ज होत्या. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. आणि खरं सांगायचं तर अर्ध्या रुग्णालयाला ते माहीतही नव्हतं. सिस्टर तिथे पन्नास होत्या, पण नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं की त्याच.

आता हे ‘तिकडचं घर’ काय ते सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुम्हाआम्हाला काही नवी नाही. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते. बरोबर कपड्यांची बॅग येते, सोनोग्राफीचे कागद येतात, डिंकाचे लाडू येतात. पण त्याआधीचे सहा महिने सासरीच राहतात. रुग्णालयात ती येते आपल्या आईबरोबर. आम्ही फॉर्म भरताना विचारतो, गरोदरपणात ताप आला होता का, लघवीला जळजळ, अंगावर पुरळ, काही? आई ठणकावून सांगते, “छे, काही नाही.” बिचारी खोटं बोलत नसते. तिच्या घरी आल्यापासून खरंच काही झालेलं नसतं. मुलगी कळा सोसत असते, ती आईच्या ‘नाही’ला मान डोलावते. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं जातं, आणि एकदा लिहिलेलं ‘नाही’ पुढच्या सगळ्या डॉक्टरांना देववाक्य वाटतं.

सिस्टरांना वाटत नसे. सासू कोण, कुठे असते, फोनला रेंज असते की नाही, हे विचारल्याशिवाय त्या फॉर्मवर सही करत नसत. “सहा महिने तिकडे, तीन महिने इकडे,” त्या म्हणायच्या. “मग विचारायचं कोणाला जास्त?”

एकदा पेठकडची एक बाई आली. द्राक्षाच्या कामाला टोळीबरोबर निफाडला उतरलेली, तिथेच दिवस भरले. आई पाड्यावर, सासूही पाड्यावर, आणि ही चार महिने बागेत. सिस्टरांनी दोन्ही घरी फोन लावले, दोन्हीकडे कोणाला काही माहीत नाही. मग त्यांनी टोळीच्या मुकादमाला गाठलं. तो वैतागून म्हणाला, “मला काय विचारता बाई, मी काय तिची सासू हाय का?”

“चार महिने कोणाच्या डोळ्यासमोर होती?” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या. म्हणजे तुम्हीच सासू. सांगा, कामाला खाडा कधी झाला?”

मुकादमाला तापाचं काही आठवेना, पण खाडे बरोबर आठवले. तीन दिवस पोरगी गोणपाट पांघरून शेडमध्ये पडून होती, थंडी भरली होती म्हणाला. सिस्टरांनी ‘माहिती कोणाकडून’ या रकान्यात लिहिलं, ‘सासू (मुकादम)’. तो कागद माझ्याकडे रक्ताच्या नमुन्याबरोबर आला तेव्हा मी अर्धा तास हसत होतो.

नमुने त्या स्वतः घेऊन यायच्या. खरं तर ते काम दुसऱ्यांचं, पण बाळाचं रक्त म्हणजे नळीच्या तळाला लागलेला एक लाल ठिपका. तो त्या मुठीत धरून जिना उतरायच्या. मी जात्याच कुरकुऱ्या. नळी उजेडात धरून म्हणायचो, “सिस्टर, एवढ्याशा रक्तावर मशीन चालत नाही.”

“मशीनला सांगा भाऊ, बाळ लहान आहे.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. आणि दर वेळी, का कोण जाणे, मशीन चालायचं.

त्यांचं माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत. त्यामुळे घड्याळ गाडीसारखं. ‘पावणेएक’, ‘सव्वातीन’ हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. बारा त्रेचाळीसला बाळाला दूध, तीन सतराला साखर तपासायची. नवीन आलेल्या नर्सला वाटायचं थट्टा चाललीय. ती तीन वीसला गेली की कळायचं, थट्टा नव्हती. जेवण मात्र त्यांनी कधी वेळेवर केलं नाही. उभ्याउभ्या चपातीची सुरळी करून खायच्या आणि त्यातलीच एक माझ्या रजिस्टरवर ठेवून जायच्या. माझ्या त्या वेळच्या कितीतरी नोंदींवर शेंगदाण्याच्या चटणीचे डाग आहेत.

त्यांच्या चौकशीमागे एक शास्त्र होतं, आणि ते त्या बाळाच्या नातेवाइकांना व्हरांड्यात उभं करून शिकवायच्या. आपल्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते. डॉक्टर तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकात अधिवृक्क असं भारदस्त नाव आहे. सिस्टर म्हणायच्या ‘टोपी’.

“ही टोपी संकटाच्या वेळी कामाला येते,” त्या सांगायच्या. “ताप आला, मार लागला, उपास घडला, तर ती रस सोडते आणि शरीराला उभं ठेवते. आता आईला पोटुशी असताना जंतूंची बाधा झाली, तर आतल्या बाळालाही ते संकटच. त्याची टोपी आतमध्येच राबायला लागते. कधी सुजते, कधी तिच्यात रक्तस्राव होतो. बाळ बाहेर येतं तेव्हा ती दमलेली. मग बाळ ओढून पीत नाही, साखर उतरते, मीठ उतरतं. म्हणून विचारते, ताप आला होता का. दोष द्यायला नाही विचारत.”

शेवटचं वाक्य त्या सासूकडे बघून म्हणायच्या. कारण सासू आली की सुनेवर डोळे काढणार आणि आई सासूवर, हे ठरलेलं. आणि लगेच धीरही द्यायच्या, “सगळ्याच बाळांना असं होत नाही हं. फार थोड्यांना होतं. पण त्या थोड्यांत आपलं नको, एवढ्यासाठी विचारायचं.” एकदा एका आजोबांनी टोपीचा रंग विचारला होता. सिस्टरांनी गंभीरपणे “पिवळसर” असं उत्तर दिलं, आणि ते खरं आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायला मला थोडं जड जातं, पण सिस्टरांनी स्वतःच ती इतक्या जणांना सांगितली आहे की मी लपवण्यात अर्थ नाही.

त्यांना एकच मुलगी. निफाडला दिलेली, द्राक्षबागवाल्यांकडे. तिला दिवस गेले तसा दोन घरांत एक वाद झाला. विहीणबाईंचं म्हणणं, बाळंतपण निफाडलाच करू, आमचा डॉक्टर चांगला आहे. सिस्टर म्हणाल्या, “माझं हॉस्पिटल असताना?” रीतीप्रमाणे सिस्टर जिंकल्या. सातव्यात मुलगी नाशिकला आली, आणि विहिणी-विहिणींचं बोलणं जेवढ्यास तेवढं उरलं.

मुलीला कळा सुरू झाल्या तेव्हा फॉर्म सिस्टरांनीच भरला. दुसऱ्या कोणाला हातही लावू दिला नाही. मुलगा झाला. वजन बरं, रंग बरा. त्या दिवशी त्यांनी मला चपातीऐवजी पेढा दिला आणि म्हणाल्या, “अकरा अठ्ठावीस.” वेळ सांगितल्याशिवाय त्यांचा आनंद पुरा होत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नमुना घेऊन उतरल्या. नळी मुठीतच होती, पण मशीनबद्दल मी कुरकुर केली तरी त्या काही बोलल्या नाहीत. बाळ दूध ओढत नव्हतं. उठवलं तरी पेंगत होतं, दोनदा उलटी झाली होती. रडायला गेलं तर मांजराच्या पिलासारखं कुईं करून थांबत होतं. साखर उतरली होती. मी नमुना लावला. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. मी तोच नमुना पुन्हा लावला. तेच.

बालरोगतज्ज्ञ मॅडम तरुण होत्या, पण डोक्याने थंड. अँटिबायोटिक, सलाईन त्यांनी आधीच सुरू केलं होतं. माझा रिपोर्ट हातात घेऊन त्या लॅबच्या दारातच उभ्या राहिल्या आणि फाईल उलटू लागल्या. “आईला ताप, संसर्ग, काहीच नाही?” त्यांनी विचारलं. फाईलमध्ये सिस्टरांच्या गोल अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं, ‘नाही’.

मी त्या ‘नाही’च्या शेजारचा रकाना बघितला. ‘माहिती कोणाकडून’, तिथे लिहिलं होतं, ‘स्वतः’. म्हणजे सिस्टर स्वतःच.

मॅडम वर गेल्या. सिस्टर लॅबमधल्या स्टुलावर बसून होत्या, बसलेलं मी त्यांना क्वचित बघितलं होतं. मी म्हणालो, “सिस्टर, तिकडच्या घरी विचारलंत का?”

त्या माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या. त्या दिवशी चिडल्या. “माझी मुलगी आहे ती, भाऊ. तिच्याबद्दल मला माहीत नाही असं काय असणार?”

मला त्यांची भीती वाटली हे कबूल करतो. पण नळी अजून माझ्या हातात होती, आणि तिच्यावर ‘बेबी ऑफ’ च्या पुढे त्यांच्या मुलीचं नाव होतं. मी म्हणालो, “नंबर द्या, मी लावतो. लॅबमधून बोलतोय म्हणतो.”

त्या म्हणाल्या, “माझ्याकडे नाहीये नंबर.”

जरा विचार करा. जिल्ह्यातल्या शेकडो सासवांचे नंबर या बाईंच्या वहीत होते. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या किराणा दुकानाचा होता, कारण तिथून निरोप जायचा. स्वतःच्या विहिणीचा तेवढा नव्हता. तो यजमानांच्या फोनमध्ये होता. यजमान बाहेर व्हरांड्यात होते, मी जाऊन घेऊन आलो.

मी फोन स्पीकरवर टाकला. विहीणबाई बागेत असाव्यात, मागे फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं आणि सिस्टरांचाच प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारला.

पलीकडे पंप बंद झाला. “आला व्हता ना,” त्या म्हणाल्या. “दोनदा आला. पाचव्यात एकदा न् सहाव्यात एकदा. लय थंडी वाजायची, लघवीला आग व्हायची. इथल्या डाक्टरनं गोळ्या दिल्या, ताप उतरला की हिनं बंद केल्या. म्या म्हनलं आईला कळव. तर म्हनली, नाय, आईला सांगू नका, ती ड्युटी सोडून पळत येईल न् मला घेऊन जाईल. मला शपथ घातली पोरीनं. म्हनून नाय बोलले.” मग थांबून विचारलं, “पोरगं कसं हाय?”

मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे करून फोन घेतला.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “मी विचारायला हवं होतं. तुम्ही या.”

एवढं बोलून त्या जिन्याकडे निघाल्या. त्या वयाच्या बाईने इतक्या वेगाने जिना चढलेला मी पुन्हा बघितला नाही.

पुढचं श्रेय मॅडमचं आहे, ते मला किंवा फोनला देऊ नका. माझा रिपोर्ट बघून त्यांना टोपीची शंका आलीच होती. पण कॉर्टिसोलची, म्हणजे टोपीच्या रसाची, तपासणी आमच्याकडे होत नसे, नमुना बाहेर जायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. आईला दोनदा ताप, औषध अर्धवट, हे कळल्यावर त्यांनी वाट पाहिली नाही. कॉर्टिसोलसाठी रक्त काढून घेतलं आणि लगेच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दुपारी सोनोग्राफी झाली. दोन्ही टोप्या सुजलेल्या, आणि उजवीत रक्तस्राव.

संध्याकाळी पाच बावन्नला (वेळ अर्थातच सिस्टरांनी सांगितली) बाळाने पहिल्यांदा नीट दूध ओढलं. मला सांगायला त्या खाली आल्या, सांगितलं, आणि माझ्या टेबलाला धरून रडल्या. मीही रडलो. मागे रांगेतला एक माणूस मलेरियाचा रिपोर्ट मागत होता, त्याला थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईल मागवली. ‘नाही’वर एक रेघ मारली, खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, खालचं वाचता येईल अशी एक रेघ. बाजूला लिहिलं, ‘हो, दोनदा. माहिती सासूबाईंकडून. आधी विचारले नव्हते.’ खाली सही केली. पुढे नवीन नर्सेसची तुकडी आली की त्या हेच पान काढून दाखवायच्या. “हे अक्षर कोणाचं? माझं. हे बाळ कोणाचं? माझ्या मुलीचं. आता तुम्ही ठरवा, आपल्याला किती माहीत असतं.” मुली खाली माना घालायच्या. सिस्टर मात्र घालत नसत.

विहीणबाई फोन केला त्याच दिवशी दुपारी आल्या होत्या आणि त्यानंतर अकरा दिवस हलल्या नाहीत. कक्षाबाहेरच्या बाकावर दोघी आज्या शेजारी बसायच्या. पहिले दोन दिवस मध्ये एक पर्स आणि एक पिशवी असे. तिसऱ्या दिवशी पर्स-पिशवी खाली गेली. चौथ्या दिवशी मी वरून नमुना आणायला गेलो तर विहीणबाई विचारत होत्या, “म्हंजे वेलीला आधी मर लागली तर घड भरत नाय, तसंच ना हे?” आणि सिस्टर, ज्यांना द्राक्षातलं खाण्यापलीकडे काही कळत नव्हतं, म्हणत होत्या, “असेल. तुम्ही म्हणता तर असेल.”

बाळ घरी गेलं ते औषधाच्या पुड्या घेऊन. गोळी कुटून तिचे भाग करायचे, दिवसातून तीन वेळा द्यायचे. आणि ताप आला की पुडी दुप्पट, कारण दमलेल्या टोपीला आजारपणात स्वतःचा रस पुरत नाही. हा नियम विहीणबाईंनी असा काही मनावर घेतला की बागेतल्या गड्यांनासुद्धा तो पाठ झाला. बाळ शिंकलं की सिस्टरांचा फोन वाजायचा. लॅबमध्ये उभ्या असताना सुद्धा त्या घ्यायच्या. “किती आहे? नव्व्याण्णव? नाही, नव्व्याण्णवला दुप्पट नाही. अहो विहीणबाई, नाही म्हणते ना. बरं, अर्ध्या तासाने परत मोजा.” फोन ठेवून माझ्याकडे बघायच्या, मी छताकडे.

पुढे त्या निवृत्त झाल्या. निरोपाला हार, शाल, भाषणं सगळं झालं. भाषणात त्या तीन वाक्यं बोलल्या आणि एक चाळीसची गाडी आहे म्हणून मनमाडला निघून गेल्या. नवीन इन्चार्ज चांगल्या आहेत. नमुने शिपायाबरोबर पाठवतात, भरपूर रक्त पाठवतात. मला तक्रारीला जागा नाही, आणि त्यामुळेच मला करमत नाही.

गेल्या महिन्यात त्या एकदा आल्या. बरोबर विहीणबाई, मुलगी आणि नातू. आता तो अडीच वर्षांचा. महिनोन्‌महिने हळूहळू कमी केलेलं औषध आता पुरतं बंद करता येईल का, ते त्या दिवशी ठरायचं होतं. सकाळची पुडी न देता रक्त काढायचं, मग एक इंजेक्शन देऊन टोपीला हाक मारायची, आणि तासाभराने पुन्हा रक्त काढून बघायचं, ती ओ देते का. ही तपासणी आता आमच्याकडेच होते. नाही दिली ओ, तर पुड्या बहुधा जन्मभर, आणि ताप म्हटला की दोन घरांची धावपळ जन्मभर.

मशीन चालू असताना सिस्टर माझ्यासमोर बसून होत्या. पूर्वी त्या माझ्या खांद्यावरून आकडा वाचायच्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्हीच वाचा.”

मी वाचला. पुन्हा वाचला. मग मॅडमना वर पाठवला, आणि त्यांचा फोन आल्यावर मोठ्याने सांगितलं, “बंद करायला सांगितलंय. टोपी आपापली चालतेय.”

विहीणबाईंनी पिशवीतून पुड्यांचा डबा काढला आणि काय करावं न कळून माझ्या टेबलावर ठेवला. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नातवाला यातलं काही कळलं नाही. त्याला माझा दंडाला बांधायचा निळा रबरी पट्टा हवा होता, आणि मी तो दिला नाही, कारण तो रुग्णालयाचा.

मग जे झालं ते आख्ख्या मजल्याने ऐकलं. पोरगं व्हरांड्याच्या फरशीवर आडवं झालं, पाय आपटले, तोंड लालबुंद केलं, आणि असं काही भोकांड पसरलं की वरच्या जिन्यावरून लोक डोकावले. रांगेतल्या एका काकूंनी कानावर हात ठेवले. मी घाईने पट्टा पुढे केला. विहीणबाई त्याला उचलायला वाकल्या.

सिस्टरांनी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. “आज सकाळपासून पुडी नाही दिलेली. हे सगळं त्याचं स्वतःचं आहे.”

आणि दोघी तिथेच, फरशीवरच्या त्या आरडाओरड्याकडे बघत, हात धरून उभ्या राहिल्या.